बोंडलं, बाटली आणि मामांची उधारीची वही



बोंडलं हा शब्द आमच्या पिढीनंतर घरांतून जवळपास गेलाच. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी ते काय ते सांगतो. लहान वाटीएवढं उथळ भांडं, आणि एका बाजूला पन्हळीसारखी लांबट चोच. बाळाला मांडीवर अर्धवट उभं धरायचं, चोच ओठाच्या कडेला टेकवायची आणि दूध थोडं थोडं सोडायचं. ऐपतीच्या घरात ते चांदीचं असायचं, मध्यम घरात काशाचं किंवा कल्हईच्या पितळेचं. ज्यांच्याकडे तेही नसे त्यांच्याकडे खुब्याची मोठी शिंपी घासूनपुसून ठेवलेली असे. काम एकच, बाळाला वरचं दूध पाजणं.

आज लिहायचंय ते या वरच्या दुधाबद्दल. आमच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत बोंडलं जाऊन बाटली कशी आली, तिच्यामागून डबा कसा आला आणि त्यात आपण काय कमावलं, काय गमावलं. मी डॉक्टर नव्हे. कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतून निवृत्त झालेला माणूस. तेव्हा विषय बाळाचा असला तरी माझी नजर हिशेबाकडे जाते, ते तुम्ही सांभाळून घ्याल.

थोडा भूगोल आणि इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. सावंतवाडीकर भोसल्यांकडून ते पोर्तुगीजांकडे गेले अठराव्या शतकाच्या शेवटी. त्यामुळे आमच्याकडची बोली, सणवार, बाळंतपणाच्या रीती सगळ्या वाडी-मालवणच्या अंगाच्या. शेक-शेगडी तशीच, बारसं तसंच, उष्टावण तसंच. दुकानातला माल मात्र मुरगांव बंदरातून उतरणारा. सातार्ड्याच्या पलीकडे जी वस्तू बघायला मिळत नसे ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सहज मिळे. परदेशी दुधाचा डबा आणि काचेची दूधबाटली या दोन्ही वस्तू त्यातल्याच.

त्याआधी वरचं दूध म्हणजे गाईचं किंवा शेळीचं. वावडिंगाचे दाणे टाकून उकळायचं, पाणी घालायचं, गाळून कोमट करायचं आणि बोंडल्याने पाजायचं. वाड्यात दुसरी कोणी बाळंतीण असेल तर तिने आपल्या बाळाबरोबर हेही बाळ अंगावर घ्यायचं, ही रीतही होती. मोठ्या ख्रिस्ती घरांतून दाई ठेवत. तुम्हाला माहीत असेल, आपण मुलं सांभाळणाऱ्या बाईला 'आया' म्हणतो तो शब्दच मुळी पोर्तुगीज 'आइया'वरून आलेला आहे.

आता या जुन्या रीतीला सोन्याचा मुलामा देण्याची मला हौस नाही. त्या काळात पुष्कळ मुलं जात. आमच्या आजीची सात बाळंतपणं झाली आणि चार मुलं जगली. गाईच्या दुधात किती पाणी घालायचं हे ज्याच्या त्याच्या अंदाजावर. चिकाचं पहिलं दूध वाईट समजून पिळून टाकायचे आणि दोन-तीन दिवस बाळाला मध किंवा गुळाचं पाणी चाटवायचे. आज कुठलाही डॉक्टर हे ऐकून कपाळावर हात मारील, आणि बरोबरच आहे. पण त्या बायकांकडे एक शहाणपण होतं, ते मात्र मी पुढे आयुष्यभर अनेक ठिकाणी ताडून पाहिलं.

१९५७ साली माझा धाकटा भाऊ जन्मला. आई बाळंतज्वराने अंथरुणाला खिळली. दोतोर आले. आमच्याकडे तेव्हा डॉक्टरला दोतोर म्हणत. पणजीची एश्कोला मेदिका ही १८४२ साली सुरू झालेली वैद्यकशाळा, तिथून शिकून आलेले हे दोतोर दूरदूरच्या गावांत जात. त्यांनी आईला औषध दिलं आणि बाळाला वरचं दूध सुरू करा म्हणून सांगितलं. बाबा म्हापशाला जाऊन बोतिकीतून, म्हणजे औषधांच्या दुकानातून, बाटली घेऊन आले. नावेच्या आकाराची काचेची बाटली. दोन्ही टोकं उघडी, एका टोकाला दूध ओढायचं रबरी बोंड आणि दुसऱ्या टोकाला हवा आत यायला रबरी टोपण.

आजीने आधी ती हातातही घेतली नाही. तिचा नियम ठरलेला होता. ज्या भांड्याच्या तळाला बोट पोचत नाही त्यात बाळाचं दूध घालायचं नाही. बाबांनी दोन्ही रबरं काढून दाखवली आणि एका तोंडातून पाणी ओतून दुसऱ्यातून काढलं. मग तिने करंगळीला फडकं गुंडाळून बाटली आरपार पुसून पाहिली आणि "बरी आसा" म्हणाली. तरी पहिला महिनाभर तिने बोंडलंच वापरलं. बाटली आली ती रात्रीपुरती, कारण रात्री तेलाच्या दिव्यात बोंडल्याने पाजताना दूध सांडायचं आणि बाळाला ठसका लागायचा. भाऊ वाचला. आईही उठली. आता तोही सत्तरीकडे झुकला आहे.

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण तिचा तो नियम म्हणजे युरोपाने फार मोठी किंमत देऊन शिकलेला धडा होता. एकोणिसाव्या शतकात तिकडे लांब रबरी नळीच्या दूधबाटल्या निघाल्या होत्या. बाटली पाळण्यात ठेवायची, नळीचं टोक बाळाच्या तोंडात द्यायचं आणि आई कामाला मोकळी. सोय मोठी, पण ती नळी आतून कधीच स्वच्छ होत नसे. आत दुधाची साय चिकटून कुजायची आणि मुलं हगवणीने मरायची. इंग्लंडात त्या बाटल्यांना लोक खुनी बाटल्या म्हणू लागले होते. डॉक्टर ओरडत होते तरी त्या विकल्या जात राहिल्या. फ्रान्सने तर १९१० साली कायदा करून नळीच्या बाटल्यांवर बंदी घातली. आमच्याकडे आलेली नावेच्या आकाराची, दोन तोंडांची बाटली ही त्याच अनुभवातून सुधारलेली होती. ती धुता यावी म्हणूनच तिला दोन तोंडं होती. आजीला हा इतिहास माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिला बोट आत जातं की नाही एवढं कळत होतं आणि तेवढं पुरे होतं.

आता डब्याकडे येऊ. दुधाचं टिकाऊ रूप युरोपात १८६०च्या दशकात बाजारात आलं. स्वित्झर्लंडमध्ये १८६६ साली साखर घालून आटवलेल्या दुधाचा कारखाना निघाला आणि १८६७ साली वेव्हे गावात हेन्री नेस्ले या औषधविक्रेत्याने दूध, गव्हाचं पीठ आणि साखर यांचं बाळांसाठी पीठ काढलं. ज्यांना आईचं दूध मिळत नव्हतं अशी मुलं तेव्हा सर्रास मरत, त्यांच्यासाठी हा खरोखर आधार होता. हे विसरून चालणार नाही. पुढे नव्वदच्या दशकात त्याच नावाच्या कंपनीचे खाद्यपदार्थांचे कारखाने आमच्या गोव्यात उसगावला आणि डिचोली तालुक्यात मावळिंग्याला आले. आमच्या भागातल्या कित्येक घरांची चूल त्या पगारावर पेटली. इतिहास असा कुठून कुठे येऊन पोचतो.

१९५५ साली भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा आम्ही लहान होतो. बेळगाव-वाडीकडून येणारी भाजी, तांदूळ बंद झाला. पण पोर्तुगीज सरकारने बंदरातून माल आणायला मोकळीक दिली आणि हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा असं काय काय येऊ लागलं. दुधाचे डबे त्यातच. आटवलेल्या गोड दुधाचे आणि भुकटीचेही. डब्यावर गुबगुबीत गोऱ्या बाळाचं चित्र असे. डब्यावरची अक्षरं पोर्तुगीज, इंग्रजी किंवा डच. आमच्या वाड्यातल्या बाईला यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं. तिला वाचता येत होतं ते फक्त चित्र, आणि चित्र सांगत होतं की हे दूध पाजलं की पोर असं होतं.

आता माझ्या मामांची गोष्ट. त्यांचं डिचोली तालुक्यात खाणपट्ट्यात किराणा दुकान होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याचं लोहखनिज जपानला जाऊ लागलं आणि शिरगाव, लामगाव, पाळी या बाजूंचे डोंगर फुटू लागले. सुरुवातीला यंत्रं थोडी होती. खनिज फोडणं, चाळणं, पाट्यांनी वाहणं ही कामं माणसांच्या अंगावर, आणि त्यात बायका पुष्कळ. सकाळी सातला निघालेली बाई दिवे लागताना घरी यायची. तिचं चार महिन्यांचं बाळ घरी आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीकडे. हातात प्रथमच रोख मजुरी येत होती आणि दुकानाच्या फळीवर डबा दिसत होता. त्या बाईने डबा घेतला, यात मला आजही काही वावगं वाटत नाही. तिच्यापुढे दुसरा रस्ता कोणी ठेवला होता?

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. परदेशी डबे हळूहळू आटले आणि देशी डबे आले. त्यातही आपल्या लोकांची मोठी कर्तबगारी आहे. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगत असताना आणंदला हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिथला कारखाना सुरू झाला. पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेच्या मदतीने म्हशीच्या दुधापासून बाळांचं दूधही तयार झालं. परकीय चलन वाचलं. तरी डब्यांची टंचाई मला चांगली आठवते. मामांकडे पेटी आली की सांगून ठेवलेल्यांना आधी द्यायची, बाकीच्यांनी पुढच्या पेटीची वाट बघायची.

मी कॉलेजात असताना, १९६९ च्या सुट्टीत, मामांनी मला उधारीची वही नीट लावायला बसवलं. वही मोठी, लाल कापडी पुठ्ठ्याची. जुन्या पानांवरचे आकडे एस्कुदमध्ये, कारण १९५९ पासून गोव्यात रुपया जाऊन एस्कुद आला होता, रुपयाला सहा या भावाने. नंतरची पानं भारतीय रुपयांत. मी खातेवार बेरजा मारत होतो. एका खात्यात दुधाच्या डब्यांच्या नोंदी होत्या. दोन महिन्यांत तीन डबे. त्यानंतर त्या खात्यात डब्याची नोंदच नाही. तांदूळ, रॉकेल, गूळ, सुकी मासळी चालू, डबा बंद.

मी मामांना सहज विचारलं, "यांनी डबा दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली का?" मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोर गेलं त्यांचं. पावसात हगवण लागली."

दुकानात डबा होताच. मी तो उतरवून त्यावरचा तक्ता वाचला. इंग्रजीत होता. किती महिन्यांच्या बाळाला किती पाणी, किती चमचे, दिवसाला किती वेळा. मग वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर आकडेमोड केली. तोच हिशेब आजच्या मापात मांडतो, म्हणजे तुम्हालाही पडताळता येईल. पाच किलोच्या बाळाला दिवसाला किलोमागे साधारण १५० मिलिलिटर धरलं तर ७५० मिलिलिटर दूध लागतं. तीस मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा भुकटी, म्हणजे दिवसाला पंचवीस चमचे. एका चमच्यात साडेचार ग्रॅमच्या आसपास भुकटी बसते. म्हणजे दिवसाला सुमारे ११० ग्रॅम. एक पौंडाचा, म्हणजे साडेचारशे ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो. महिन्याला सात डबे.

आई रात्री अंगावर पाजत होती, म्हणून निम्मं दूध तिचं धरू. तरी डबा आठ दिवसांत संपायला हवा होता. वहीत तो वीस दिवस पुरला होता.

म्हणजे दिवसभर त्या बाळाच्या पोटात जात होतं ते पांढरं दिसणारं पाणी. आणि ते पाणी कुठलं? ओपाच्या नळाचं पाणी पोर्तुगीज काळातच आलं, पण ते पणजीकडच्या लोकांना. आमच्याकडे विहीर आणि झर. पावसाळ्यात खाणीवरून वाहून येणाऱ्या मातीने तेही लाल. आठ-नऊ वर्षांची पोर चुलीवर ओली लाकडं पेटवून पाणी उकळणार, बाटली उकळणार, रबरी बोंड उलटं करून घासणार, आणि हे दिवसातून पाच-सहा वेळा? तिच्याकडे तेवढी लाकडंही नव्हती. त्या मुलीला कोणी बोल लावला नाही आणि लावूही नये. मजुरीतून सात डबे परवडत नव्हते. तीन परवडले, ते घेतले. 'डबो सोंपलो' असं सांगायला ती उशिरा उशिरा यायची, एवढंच मामांना आठवत होतं.

मामांनी त्या खात्यावरची बाकी खोडली. मीच ती पुढच्या वहीत ओढली नाही, त्यांच्या सांगण्यावरून.

पुढे बँकेत मी हजारो खाती पाहिली. पण आकड्यांच्या मागे माणूस असतो हे मला त्या पानाने शिकवलं.

मला वाटत होतं की ही आमच्या खाणपट्ट्याची गोष्ट. पुढे वाचनात आलं की तीच गोष्ट जगभर घडत होती. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरबाईंनी १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात भाषण करून सांगितलं होतं की बाळांना गोड आटवलेलं दूध पाजायला शिकवणारा प्रचार हा एक प्रकारचा खूनच आहे. ऐकून घेतलं, विसरून गेले. १९७४ साली इंग्लंडमध्ये 'द बेबी किलर' ही पुस्तिका निघाली. तिचं भाषांतर स्वित्झर्लंडमधल्या एका गटाने नेस्ले कंपनीचं नाव मथळ्यात घालून छापलं. कंपनीने बदनामीचा खटला भरला. १९७६ साली बर्नच्या न्यायालयाने त्या गटाला किरकोळ दंड केला, पण कंपनीलाही आपली जाहिरातपद्धत तपासायला सांगितलं. १९७७ पासून अमेरिकेत बहिष्काराची चळवळ सुरू झाली. त्या सगळ्या वादात पुन्हा पुन्हा येणारे मुद्दे तीनच. दूध पातळ केलं जातं, पाणी घाण असतं आणि डब्यावरचं आईला वाचता येत नाही. मामांच्या वहीतलंच पान.

मे १९८१ मध्ये जीनिव्हाला जागतिक आरोग्य परिषदेत बाळदुधाच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर झाली. बाजूने ११८ देश, तटस्थ तीन, आणि विरोधात एकटी अमेरिका. भारताने १९८३ साली स्वतःची संहिता काढली, आणि मग १९९२ साली संसदेने चक्क कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला. नाव लांबलचक आहे, पण बाळदूध, दूधबाटल्या आणि बाळांचा आहार या तिन्हींवर तो आहे. २००३ साली तो आणखी कडक केला. या कायद्याप्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अशा कुठल्याही मालाची जाहिरात करता येत नाही. फुकट नमुने देता येत नाहीत. डॉक्टर-नर्सना भेटी देता येत नाहीत. डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापता येत नाही आणि आईचं दूध सर्वोत्तम हे ठळक अक्षरांत छापावंच लागतं. मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तरुण मंडळींना प्रश्न पडतो की टीव्हीवर साबणापासून मोटारीपर्यंत सगळ्याच्या जाहिराती दिसतात, मग बाळदुधाच्या डब्याची का दिसत नाही. त्याचं उत्तर हा कायदा. आमच्या लहानपणी गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा होत आणि बक्षीस म्हणून बाळाहाराचे डबे देत, ते चित्र आज दिसत नाही त्याचंही कारण तेच.

या कामात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. स्तनपानाच्या प्रसारासाठी देशभर काम करणारी बीपीएनआय ही संस्था ३ डिसेंबर १९९१ ला वर्ध्यात स्थापन झाली. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. दुसऱ्या आईचं दूध तपासून, निर्जंतुक करून अशक्त बाळाला द्यायचं. वाड्यातल्या बाळंतिणीने शेजारणीचं मूल अंगावर घ्यावं तीच माणुसकी, पण शास्त्रशुद्ध.

आता आमच्या बँकेतलं सांगतो. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखा वाढल्या आणि सत्तरच्या दशकात मुली काउंटरवर दिसू लागल्या. बाळंतपणाची रजा तेव्हा बारा आठवडे. १९६१ च्या कायद्यात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात दोनदा पाजायला सुट्टीची तरतूद होती, पण पेडण्याहून पणजीला येणाऱ्या बाईने ती घ्यायची कुठे? शिवोलीची फेरी चुकली की घरी पोचायलाच रात्र व्हायची. पदर ओला होतो म्हणून फाइल छातीशी धरून उभ्या राहणाऱ्या सहकारी मी पाहिल्या आहेत. पुरुष अधिकारी नजर वळवायचे, बोलायचं कोणी नाही. खाणीवरच्या बाईची आणि काउंटरवरच्या बाईची अडचण एकच होती. फरक इतकाच की काउंटरवरचीला महिन्याला सात डबे परवडत होते आणि घरी गॅस होता. म्हणून तिची मुलं बाटलीवरही धडधाकट वाढली. २०१७ साली रजा सव्वीस आठवड्यांची झाली, म्हणजे सहा महिने. उशिरा का होईना, हिशेब जुळला.

अलीकडे आमच्या भाचीच्या मुलीला बाळ झालं. आईला शस्त्रक्रियेनंतर दूध कमी, डॉक्टरांनी काही दिवस वरचं दूध सांगितलं. घरात बाटली कुठली घ्यायची यावर मोठी चर्चा. मोबाइलवर शंभर प्रकार. पोटात वायू न धरणारी, हिची मान वाकडी, तिला तीन झडपा, तिच्यात थर्मामीटर. मला विचारलं, तेव्हा आजीचा नियम आणि मामांची वही या दोन गोष्टींवरून जे सुचलं ते सांगितलं, आणि त्यांच्या बालरोगतज्ज्ञांनी मान डोलावली म्हणून इथेही लिहितो.

बाटली घेताना तोंड रुंद आहे का ते बघा. ब्रश तळापर्यंत आणि कोपऱ्यात पोचला पाहिजे. सुटे भाग जितके कमी तितकं बरं. प्रत्येक झडप म्हणजे साय साचायची नवी जागा. काच जड आणि फुटणारी, पण ओरखडे पडत नाहीत आणि कितीही उकळा. प्लास्टिक घ्यायचं तर आयएसआय खूण पाहा. बिस्फेनॉल-ए हे रसायन बाटल्यांत वापरायला भारतीय मानक ब्युरोने २०१५ पासून मनाई केली आहे. ओरखडे पडलेली, धुरकट झालेली बाटली टाकून द्या. बोंड मऊ पडलं, चिकट झालं की बदला. बाटली उलटी केल्यावर थेंब थेंब पडले पाहिजेत, धार लागता कामा नये. भोक सुईने मोठं करू नका, बाळाला ठसका लागतो.

भुकटी डब्यातल्याच चमच्याने, सपाट मापाने. जास्तही नको, कमीही नको. पाणी उकळून फार थंड होण्याआधी, म्हणजे सत्तर अंशांच्या वर असताना भुकटी घालायची, कारण भुकटी स्वतः निर्जंतुक नसते. मग बाटली थंड पाण्यात धरून कोमट करायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचा. दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं, आणि बाळाने तोंड लावून उरलेलं तर लगेच. आणि एकदा तरी बसून हिशेब करा, डबा किती दिवसांत संपायला हवा आणि किती दिवसांत संपतोय. सांभाळणारी बाई, आजी, पाळणाघर, जो कोणी पाजत असेल त्याच्या हातून माप बरोबर पडतंय का, हे त्या एका आकड्यातून कळतं.

पण हे सगळं डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं तरच. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नाही, हे आता सगळे सांगतात. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी ६३.७ टक्केच निव्वळ आईच्या दुधावर होती. ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत होऊनही जन्मानंतरच्या पहिल्या तासात दूध मिळालेली मुलं ४१.८ टक्के. म्हणजे चीक पिळून टाकणारी आजी गेली, तरी उशीर होतोच आहे. जिला दूध येत नाही, जिने मूल दत्तक घेतलंय, जी औषधावर आहे, जिला जुळं झालंय, तिला मात्र कोणी टोमणे मारू नयेत. डबा तिच्यासाठीच आहे.

या बाळाची आई दवाखान्यात असताना मी भेटायला गेलो होतो. नवजात कक्षात नर्स एका कमी वजनाच्या बाळाला दूध पाजत होती. हातात बाटली नव्हती. स्टीलचं छोटं, उथळ, चोचीचं भांडं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "आजोबा, ही पालडाई. बाटलीपेक्षा स्वच्छ राहते, आणि बाळ नंतर अंगावर प्यायला लागताना गोंधळत नाही." नाव तमिळ, पण भांडं तंतोतंत आपलं बोंडलं. जागतिक आरोग्य संघटनाही अशक्त बाळांना बाटलीऐवजी वाटीने किंवा चमच्याने पाजायला सांगते. त्या भांड्याच्या तळाला करंगळी आरामात पोचत होती, ते मी पाहून घेतलं.

मंडळी, तुमच्यापैकी कोणाच्या घरी माळ्यावर, देवघरात, जुन्या भांड्यांच्या पेटीत बोंडलं असेल तर त्याचा फोटो टाका. तुमच्याकडे त्याला काय म्हणत तेही लिहा, तालुक्याच्या नावासकट. आणि घरात कुणी ऐंशी-नव्वदीची आजी, मावशी असेल तर तिला विचारा, तिने कोणाकोणाला त्याने पाजलं. वही मी घालतो. नावं तुम्ही सांगा.